तबीआक्काची काहील

फार वर्षांपूर्वी, वारणेला पूल ठाऊक नव्हता आणि माणसांना घाई ठाऊक नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. नदीच्या अलीकडे खडीवळण नावाचं गाव होतं आणि पलीकडे पैलवाडी नावाची वस्ती. खडीवळणात दगडी भिंतींचं, कौलारू छपराचं एक लहानसं ख्रिस्ती देऊळ होतं. त्या देवळाची झाडलोट तबीथा नावाची एक बाई करायची. मोठी माणसं तिला तबीथाबाई म्हणत, आणि लेकरं म्हणत तबीआक्का.

तबीआक्काचा नवरा लवकर गेला होता आणि तिला मूलबाळ नव्हतं. देवळात लेकरांची रविवारची शाळा भरायची. तिला शब्बाथशाळा म्हणत. तिशी उलटल्यावर आक्का त्याच लेकरांच्या चटईवर बसली, त्यांचीच पाटी मागून घेतली आणि अक्षरं शिकली. मग ती लेकरांकडून बायबलातली वचनं पाठ करून घेऊ लागली. चटया झटकायची, माठ भरायची, कुणाचं नाक पुसायची, कुणाचं बटण लावून द्यायची, आणि हे सगळं असं मन लावून करायची की जणू उपासना म्हणजे तेच. असं म्हणतात, की ओट्यावर पाऊल वाजलं की आक्का आतूनच सांगायची, “एलिया आला. आज अनवाणी आलाय.”

एकाच लेकराचं पाऊल तिला कधी ऐकू यायचं नाही. ते हन्नीचं. हन्नी पैलवाडीची, सात वर्षांची. यायची आणि चटईच्या टोकाला बसायची. वचन विचारलं की मान खाली घालायची. गाणं सुरू झालं की तिचे नुसते ओठ हलायचे. आक्का एकदा म्हणाली होती, “देवाच्या घरी रिकाम्या हातानं येऊ नये. ज्याला वचन येतं त्यानं वचन आणावं, ज्याला येत नाही त्यानं फूल आणावं.” ते कुणाला उद्देशून होतं हे बाकीच्या पोरांना कळलं नाही. हन्नीला कळलं. दर रविवारी वेदीवरच्या पितळी पेल्यात फुलं दिसू लागली.

हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात पैलवाडीची बारा लेकरं दगडांवर पाय देत नदी ओलांडून यायची. पावसाळ्यात मात्र नदी दोन्ही काठ भरून वाहायची, आणि चार महिने लेकरं पलीकडेच राहायची. तरी रविवारी ती काठावर येऊन उभी राहत. अलीकडची पोरं गाण्याची एक ओळ म्हणत,

“कोण गं हाक मारी ऐलतीरी?”

आणि पाण्यावरून दुसरी ओळ येई,

“मेंढपाळ माझा, नेतो घरी.”

वारा फिरला की दुसरी ओळ यायचीच नाही. मग अर्धं गाणं घेऊन सगळी देवळात परत जात. तबीआक्काला त्या अर्ध्या गाण्यानं जेवण जाईना.

देवळाचे पाळकसाहेब म्हणाले, “तबीथाबाई, चार महिन्यांची तर गोष्ट. सुट्टी समजा.”

“साहेब, चार महिन्यांत लेकरू बोटभर वाढतं,” आक्का म्हणाली. “तेवढं बोटभर आपण पाहतच नाही.”

गावात बाळगोंडा पाटलांचं गुऱ्हाळ होतं. उसाचा रस आटवायची त्यांची लोखंडी काहील, भल्या मोठ्या ताटासारखी, चार माणसांनी उचलावी अशी. पावसाळ्यात गुऱ्हाळ बंद, म्हणून ती छपराखाली पालथी पडलेली असे. आक्का पाटलांच्या दारात जाऊन उभी राहिली.

“आण्णा, काहील द्या. पोरं आणायचीत.”

“काहिलीत गूळ करतात, बाई. पोरं न्हाई.”

“पोरंही गोडच की.”

पाटील मिशीत हसले, पण लगेच गंभीर झाले. “तुला पोहायला येतंय?”

“न्हाई.”

“मग?”

“काहिलीला येतंय की.”

पाटलांनी काहील दिली, वर दोरही दिला. “एवढं ध्यानात ठेव,” ते म्हणाले. “मोकळी काहील पाण्यात भोवऱ्यासारखी फिरते. वजन सगळीकडून सारखं पाहिजे. पोरं कडेनं गोल बसव.”

नदीच्या मधोमध एक बेट होतं, देवळाच्या अंगणाएवढं, त्यावर एक जुनं करंजाचं झाड. दोर सबंध नदीला पुरेना, म्हणून एक दोर पैलवाडीपासून बेटापर्यंत बांधला आणि दुसरा बेटापासून खडीवळणापर्यंत. आक्का काहिलीच्या मध्ये उभी राहायची आणि हातानं दोर ओढत ओढत पुढं जायची. बेटावर सगळी उतरायची, काहील ढकलत बेटाच्या दुसऱ्या बाजूला न्यायची आणि पुन्हा बसायची. बसल्यावर आक्का मोजायची. असं म्हणतात, की त्या पावसाळ्यात नदीवरून जाणारे बगळेसुद्धा काहिलीभोवती एक फेरी मारून जात, आणि गाणं दोन्ही काठांच्या मधोमध, पाण्यावरच पूर्ण होई.

मग तो रविवार आला. सकाळपासून धुकं होतं, इतकं दाट की दोराचं पुढचं टोक ढगात बांधल्यासारखं वाटे. वर डोंगरात रात्रभर पाऊस झाला होता, पण खाली कुणाला त्याची खबर नव्हती. बेटावर पोरं उतरली, काहील ढकलली, पुन्हा कडेनं गोल बसली. आक्कानं एलियापासून मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन करत ती गोल फिरली आणि बारावर थांबली. दोर ओढला. काहील निघाली.

खडीवळणच्या काठावर पोरं एकेक करून उतरली. आक्का हात देत होती आणि सवयीनं मोजत होती. नऊ. दहा. अकरा.

काहील रिकामी झाली होती.

तिनं पुन्हा मोजलं. अकरा. आणि तेव्हा तिला कळलं. गोलाला सुरुवात नसते आणि शेवटही नसतो. धुक्यात ती सबंध गोल फिरली होती आणि बारावा म्हणून पुन्हा एलियालाच मोजून बसली होती.

“हन्नी,” ती म्हणाली. 

“ती झाडामागं गेली होती, आक्का,” कुणीतरी हळूच म्हणालं. “फुलं आणायला.”

नदीचा आवाज बदलला होता. पाणी गढूळ झालं होतं आणि दोर वीणेच्या तारेसारखा गुणगुणत होता. बाळगोंडा पाटील गुऱ्हाळाकडून धावत आले. देवळातून पाळकसाहेब आले.

“थांब, बाई!” पाटील ओरडले. “लोंढा आलाय. पोहणारी माणसं बोलावतो.”

“माणसं येईस्तोवर बेट राहील का, आण्णा?”

पाटलांनी नदीकडे पाहिलं. मग म्हणाले, “या लोंढ्यात एकटी गेलीस तर काहील फिरून पालथी होईल. वजन पाहिजे कडेला.”

ते ऐकून एलिया काहिलीत चढायला लागला. आक्कानं त्याला धरून खाली ठेवलं. “आता एकही जास्त नाही, बाबा.”

तेव्हा एलियानं काठावरचा एक मोठा धोंडा दोन्ही हातांनी उचलला आणि काहिलीत आपल्या जागेवर ठेवला. ते पाहून शांतूनं एक आणला. मग सगळ्यांनीच आणले. प्रत्येकानं आपापला धोंडा आपापल्या जागेवर ठेवला. अकरा धोंडे कडेनं गोल बसले, आणि दोन धोंड्यांच्या मध्ये एक जागा रिकामी राहिली.

आक्का त्या जागेकडे पाहत राहिली. इतके रविवार हन्नी तिथं बसत होती, आणि ती जागा आक्काला आज पहिल्यांदा दिसली.

ती निघाली. धुक्यात शिरली. काठावरच्यांना आधी तिचं लुगडं दिसेनासं झालं, मग काहील. थोड्या वेळानं वरून एक झाड वाहत आलं, दोराला अडकलं, आणि दोर तुटला. तुटलेलं टोक काठावर येऊन आपटलं.

कुणी रडलं नाही. रडायला श्वास लागतो, तो कुणाजवळच उरला नव्हता. मग एलियानं गाण्याची पहिली ओळ म्हटली. त्याला दुसरं काही सुचलंच नाही. बाकीच्यांनी ती उचलली.

“कोण गं हाक मारी ऐलतीरी?”

नदी मोठ्यानं वाहत होती. ती ओळ पाण्यात पडली आणि बुडाली. त्यांनी पुन्हा म्हटली. तिसऱ्यांदा म्हटली. आणि धुक्यातून, करंजाच्या फांदीवरून, एक बारीक आवाज आला. तो आवाज त्याआधी कुणी कधी ऐकला नव्हता.

“मेंढपाळ माझा, नेतो घरी.”

असं म्हणतात, की त्या आवाजाबरोबर काहील वळली. खाली वाहून जायची सोडून ती आवाजाच्या दिशेनं चालू लागली. हाकेसरशी गाय वळावी तशी. पाऊस सुरू झाला आणि थेंब लोखंडावर पडून घंटेसारखे वाजू लागले. असं म्हणतात, की नदीनं तेवढा वेळ श्वास रोखून धरला होता.

बेट उरलं नव्हतं. फक्त झाड होतं. हन्नी खालच्या फांदीवर बसली होती, पाय पाण्यात आणि परकराच्या ओच्यात तेरड्याची फुलं.

“आक्का,” ती म्हणाली, “तू बारा म्हणालीस. मला इथवर ऐकू आलं.”

“चुकले गं बाई. एलियाला दोनदा मोजलं.”

हन्नीनं थोडा विचार केला. “तो बसतोच दोघांएवढा,” ती म्हणाली.

आणि तबीआक्का त्या पुराच्या पाण्यात, तुटका दोर हातात धरून, हसली आणि रडली. तिनं हन्नीला उचलून रिकाम्या जागेवर बसवलं. काहील सगळीकडून सारखी झाली, आणि शांतपणे चालू लागली.

काठावर काय दिसलं ते बाळगोंडा पाटील म्हातारे होईपर्यंत सांगत. धुकं फाटलं आणि काहील आली. कुणी ओढत नव्हतं, कुणी ढकलत नव्हतं. मध्ये आक्का उभी होती, आणि कडेनं गोल बारा लेकरं बसली होती. बारा. आणि त्यातली अकरा तर पाटलांच्या शेजारी, काठावर भिजत उभी होती. काहील काठाला लागली तेव्हा त्यात अकरा धोंडे होते आणि एक हन्नी. लोक म्हणत, “आण्णा, धुकं होतं हो.” पाटील म्हणत, “व्हय, धुकं होतं. पण मी बघितलं.” धोंडे उतरवताना ते पोरांच्या अंगासारखे कोमट लागले, असंही म्हणतात.

त्या दिवशी उपासनेत पाळकसाहेबांनी शंभरांतल्या एका हरवलेल्या मेंढराचा दाखला वाचला. वाचून झाल्यावर तबीआक्का मागून म्हणाली, “साहेब, एक हरवलंय हे कळायलासुद्धा आधी शंभर नीट मोजावी लागतात.” आणि पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं. त्या दिवशी दुसरा उपदेश झाला नाही.

तेव्हापासून आक्कानं लेकरांना गोल बसवताना त्या गोलात एक जागा रिकामी ठेवायला सुरुवात केली. तिथून मोजायला लागायचं आणि तिथंच येऊन थांबायचं. थांबल्यावर म्हणायचं, “आणि एक.” जे अजून आलं नाही, ते.

पाटलांनी ती काहील परत मागितली नाही. पुढच्या हंगामाला त्यांनी नवी घडवली. तबीआक्का खूप म्हातारी झाली, आणि शब्बाथशाळा हन्नीच्या हाती आली. शेवटच्या दिवसांत आक्काला दिसायचं बंद झालं होतं. एका रविवारी लेकरं तिच्या खाटेभोवती गोल बसली, तेव्हा ती म्हणाली, “हन्नी, मोज.” हन्नीनं मोठ्यानं, स्वच्छ आवाजात मोजलं. “आणि एक,” असं लेकरं म्हणाली तेव्हा आक्का म्हणाली, “आली गं,” आणि तिनं डोळे मिटले. असं म्हणतात, की तेव्हा दारात कुणाच्या तरी पावलांचा आवाज झाला होता.

आता वारणेवर पूल आहे. काहील देवळाच्या अंगणात आहे. तिला गंज चढलाय, आणि तिच्या कडेनं अकरा धोंडे मांडलेले आहेत. नदीला पहिला लोंढा येतो त्या रविवारी लेकरं तेरड्याची फुलं आणतात आणि बाराव्या जागी ठेवतात. बाकीचे सगळे रविवार देवळात चटईवर गोल बसतात, एक जागा सोडून. मोजणं झालं की सगळी एका सुरात म्हणतात, “आणि एक.”

आणि एखादं नवं लेकरू लाजून दाराशी घुटमळत राहिलं, तर त्याला कुणी हाक मारत नाही, कुणी मान वळवून पाहत नाही. ते आपलं आपण हळूच येतं आणि रिकाम्या जागेवर बसतं. मग बाकीची पोरं काही न बोलता थोडी थोडी सरकतात, पुन्हा एक जागा होईपर्यंत.