खुर्ची नाडगौडांचीच

वेबसाइटसाठी सर्व्हर भाड्याने देणाऱ्या नाडगौडांनी सांगलीत ग्राहकांचा मेळावा भरवला. "सुधारणा सुचवा," म्हणाले आणि तासभर स्वतःच बोलले. शेवटी कॉलेज सोडून तिकिटांची वेबसाइट चालवणारी सायरा मुजावर उठलीच.

"साहेब, परवा नाटकाची तिकीटविक्री आहे. साइट पुन्हा आडवी झाली तर माझा धंदा बुडेल. एका सर्व्हरवर चाळीस गिऱ्हाइकं कोंबलीत तुम्ही, ती कमी करा."

"पोरी, आधी शिक्षण पुरं कर! सर्व्हरवरचा तुझा हिस्सा तुझाच असतो. शेजाऱ्यांचा त्रास होतच नाही."

सायराने तीन दणकट ग्राहकांना खुणावलं. ते स्टेजवर चढले आणि थेट नाडगौडांच्या खुर्चीत घुसले.

"अरे, चेंगरलो मी!"

"कसं शक्य आहे? खुर्ची तुमचीच आहे, साहेब. हे नुसते शेजारी."

सभागृह खदखदून हसलं.

"उठव यांना!"

"आधी माझे शेजारी उठवा."