झुंबरच्या बोटातलं रक्त

द्राक्षाच्या एका गावात झुंबर नावाचा एक भोळा गडी होता. बागांवर औषध फवारायचं काम करायचा. हल्ली त्याला गरगरायचं, डोळ्यांतून पाणी यायचं. त्याची बायको हौसा घाबरली आणि त्याला दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "फवारणीचं विष अंगात गेलं की रक्तातला एक घटक कमी होतो. तो मोजू. उद्या फवारणीच्या आधी ये."

झुंबर आला. पाठीवर भरलेला पंप, हात औषधानं निळे.

"हे काय?"

"अजून फवारलं नाही. आधीच आलो."

"अरे, बोटाला औषध असलं तर आकडा चुकतो. बोट साबणानं धुऊन ये."

दुसऱ्या दिवशी झुंबरनं बोट पुढं केलं. एकच बोट लख्ख. बाकीची निळीच.

"आणि ही?"

"त्यांचं तुम्ही काही बोलला नाहीत."

बाईंनी डोळे मिटले, उघडले. "सगळं अंग धू. अंगावरचे कपडे बदल. मग ये."

झुंबरनं चोळून चोळून अंघोळ केली. बागेत त्याच्याबरोबर फवारणारा दगडू होता. झुंबरनं त्याच्याशी कपडे बदलले. दगडूचा सदरा औषधानं चिंब होता. त्याच्या वासानं नर्सबाई शिंकत बाहेर पळाल्या.

"दुसऱ्याचे कपडे कशाला घातलेस?"

"बदल म्हणालात. बदलले."

"झुंबर, नीट ऐक. दुसऱ्याचं काही चालणार नाही. सगळं तुझं स्वतःचंच पाहिजे."

"आलं ध्यानात," झुंबर म्हणाला. हौसानं घरचा धुतलेला सदरा आणला, दवाखान्याच्या नळावर त्याला पुन्हा अंघोळ घातली, तेव्हा कुठं रक्त घेता आलं.

आकडा कमी आला. हौसाच्या तोंडचं पाणी पळालं.

"विषच का हो, बाई?"

"तसं वाटतंय. पण नक्की सांगता येत नाही. प्रत्येकाचा आकडा मुळातच वेगळा असतो. वय, वजन, जुनी कावीळ, सवयी, सगळ्यानं फरक पडतो. हंगामाआधीचं याचं रक्त घेतलेलं असतं तर त्याच्याशीच ताडून बघितलं असतं." मग त्या झुंबरकडे वळल्या. "नक्की कळेपर्यंत फवारणी बंद. आणि एक माणूस घेऊन ये. तुझ्याच वयाचा, तुझ्याच वजनाचा, तुझ्यासारखाच तंबाखू खाणारा. फक्त फवारणी न करणारा. दोघांचं रक्त शेजारी शेजारी ठेवून बघू."

झुंबरनं फवारणी खरंच बंद केली. चार दिवसांत गरगरणं कमी झालं. हौसाला हायसं वाटलं. पण माणूस काही सापडेना. एक सापडला तर तो जाडा. दुसरा बारीक, पण म्हातारा. अचानक झुंबरचा चेहरा उजळला. तो एकटाच दवाखान्यात गेला.

"माणूस कुठाय?" बाईंनी विचारलं.

झुंबरनं दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"दुसऱ्याचं चालत नाही, तुम्हीच म्हणालात. म्हणून घरचाच आणलाय. हा उजवा. फवारा हाच धरतो. आणि हा डावा. नुसता पंपाचा दांडा हलवतो, जन्मात कधी फवारलं नाही त्यानं. वय एक, वजन एक. आणि तंबाखू तर, बाई, दोघं मिळूनच मळतात!"