सावरघाटाच्या कातळावरचा हात

काळवती नदी जिथे वळण घेते, तिथे सावरघाटाच्या जुन्या उतारावर एक काळा, सपाट कातळ आहे. अर्धा पाण्यात, अर्धा बाहेर. त्याच्या मधोमध उजव्या हाताचा पंजा उमटलेला आहे. पाची बोटं वेगवेगळी मोजता येतात. पावसाचं पाणी त्यात साचतं आणि चिमण्या ते पितात. पूर्वी इथून होडी सुटायची. आता वरच्या अंगाला पूल झालाय, घाटावर कुणाचं काम उरलेलं नाही. तरी गावातल्या बाया लहान मुलांना घेऊन इथे येतात, आणि या कातळाला कुणी मारत नाही.

मला हे ठाऊक नव्हतं. माझा चार वर्षांचा ईशान त्या कातळावर सपशेल आपटला, तेव्हा मी नेहमी करते तेच केलं. धावत गेले, त्याला उचललं आणि दगडावर फाडकन चापट मारली. "हात रे दगडा! माझ्या बाळाला पाडतोस?" मूल कसं वाढवावं यावरची तीन पुस्तकं वाचलेली बाई मी. ऐन वेळी त्यातलं एक पान आठवत नाही.

दुसरी चापट बसायच्या आत कुणीतरी माझं मनगट धरलं. घाटावर कोकम सरबत विकणारी सरूआत्या. वय सत्तरीच्या पुढे, पण पकड सुटेना.

"हिथं नाय मारायचं, बाय. बस खाली. पोराला काय झालेलं नाय. आधी ऐक."

फार पूर्वी, म्हणे, या घाटाची होडी भागू तारणीच्या घराकडे होती. नवरा पुरात गेलेला, पदरात एकच मुलगा, कान्हू. कान्हू चालायला लागला तो याच कातळावर, आणि पडायला लागला तोही इथेच. शेवाळ होतं, पोर घसरायचं. मग भागू यायची आणि दगडाला मारायची. पोर हसायचं. दिवसातून दहा वेळा पोर पडे आणि दहा वेळा दगड मार खाई. असे सांगतात की मारून मारून कातळाला तिथे खळगा पडला.

कान्हू मोठा झाला. वल्हं मोडलं तर सुताराचा दोष. जाळं फाटलं तर खेकड्यांचा. त्याचं लग्न झालं, तानू घरात आली, तेव्हापासून होडी खरचटली तरी तानूचा पायगुण वाईट. भागू मान डोलवायची. गावही डोलवायचं, कारण कान्हू गोड बोलायचा, आणि पलीकडे जायला होडी एकच होती.

त्या वर्षी गौरी-गणपतीनंतर होडीच्या तळाला फट पडली. तानूला ती दिसली. तिने कापूस आणला, राळ वितळवून ठेवली. तीन दिवस ती नवऱ्याला म्हणत होती, "फट बुजवा." कान्हूने फट पाहिली, बोट घालून पाहिली, आणि म्हणाला, "सुताराचं काम सुतार करील." चौथ्या दिवशी पलीकडे बाजार होता. आठ माणसांच्या होडीत त्याने चौदा घेतली. मधल्या धारेत पाणी आत आलं. कान्हू पोहत आला. नऊजण आले नाहीत.

इथे सरूआत्या थांबली आणि तिने नऊ घरांची आडनावं म्हटली, एका दमात, जेवायला बोलवावं तशी. त्यातली चार घरं अजून गावात आहेत.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी गाव या कातळावर बसलं. गावकीने कान्हूला विचारलं, काय झालं? कान्हू म्हणाला, नदीला ओढ होती. मग म्हणाला, सुताराने लाकूड कच्चं वापरलं. मग, बाजारकरी ऐकत नव्हते, धक्काबुक्की करून चढले. जे मेले त्यांच्यावरसुद्धा त्याने ढकललं. मग बायकोकडे बोट केलं. ही सकाळी निघताना मागून बोलली. सगळं गाव तानूकडे वळलं. कुणीतरी ओल्या वाळूची मूठ उचलली. म्हातारी भागूही उठली, सवयीने तिचा हात वर गेला, आणि सुनेचा चेहरा पाहून तसाच राहिला.

तेव्हा कान्हूकडे दोष द्यायला एकच माणूस उरलं होतं. तो म्हणाला, "आईनंच मला असं वाढवलं. मी पडलो की दगडाला मारलं. मला कुणी काय शिकवलं?"

आणि गाव म्हणालं, खरंच की. आईचंच चुकलं.

"म्हणजे फिरून आईच!" मी म्हणाले. माझा आवाज इतका चढला की ईशान रडायचा थांबला. नऊ माणसं बुडाली, आणि दोष कुणाचा, तर चापट मारणारीचा. माझ्या पोराला शिंक आली तरी सासरी पहिला प्रश्न येतो तो त्याला घालायला मी विसरलेल्या टोपीचा. संताप आला होता मला. त्यातला अर्धा अशासाठी, की दगडावर मारलेला माझा तळहात अजून चुरचुरत होता.

"गप बस. तानू अजून बोलली नाय," सरूआत्या म्हणाली.

तानू उभी राहिली. असे सांगतात की त्या दिवशी तिचा आवाज पलीकडच्या काठाला ऐकू गेला. ती म्हणाली, "दगडाला मारलं तेव्हा तुम्ही चार वर्षांचे होता. फट पाहिलीत तेव्हा तीस वर्षांचे. सासूबाईंचं असेल ते सासूबाई बघतील. तुम्ही एवढंच सांगा. फट दिसली होती की नव्हती?"

कान्हू नदीकडे बघत राहिला.

भागू खाली बसली. आपला उजवा हात तिने त्या खळग्यात ठेवला, आणि म्हणाली, "एवढं माझं." बस, तेवढंच. त्या हाताखाली कातळ मेणासारखा मऊ झाला, म्हणे. म्हातारीने हात उचलला तेव्हा पंजा उमटलेला होता. मग ती गावाकडे वळली. "बाकीचं माझ्यावर टाकू नका. चौदा माणसं चढली तेव्हा काठावर कोण कोण उभं होतं, ते मला ठाऊक आहे." वाळूची मूठ धरलेल्या माणसाने मूठ सोडली.

कान्हू उठला. कुणी काही म्हणायच्या आत त्याने वाहत येऊन काठाला लागलेली तीच होडी पाण्यात ढकलली. जाताना तो या कातळावर घसरला, गुडघा फुटला. कुणी दगडाला मारलं नाही. तो उठला आणि वल्हं मारत मधल्या धारेत गेला. भागूने हाक मारली नाही. होडी भरताना दिसत होती. ती बुडायच्या आधी काठावरच्यांनी ऐकलं, म्हणे, कान्हू ओरडला, "फट मला दिसली होती!"

"खरंच ओरडला?" मी विचारलं.

"असं सांगतात," सरूआत्या म्हणाली. "माझी आजी म्हणायची, वारा होता. मेल्याला काठावर दोन शब्द जड झाले! काठावर बोलला असता तर जगला असता, आणि नऊ घरांना कुणीतरी खरं बोलल्याचं तरी मिळालं असतं." ती थुंकली, कातळ चुकवून.

आजही सावरघाटाला मूल पडलं तर बाया दगडाला मारत नाहीत. आई उजवा हात त्या पंजात ठेवते, आपलं काही असेल तर तेवढं बोलते, आणि थांबते. मग मुलाने आपलं बोलायचं. बोलेपर्यंत त्याला कुणी उचलत नाही.

मी हात ठेवला. बोटं बरोबर बसली, ते मला मुळीच आवडलं नाही. साचलेलं पाणी गार होतं.

ईशान नाक पुसत म्हणाला, "तू हाक मारलीस म्हणून पडलो."

माझ्या ओठांवर उत्तर आलं होतं. मी ते गिळलं. "हो. हाक मी मारली. शेवाळ दिसत असून मारली. एवढं माझं."

आणि थांबले. सरूआत्याही थांबली. पुलावरून एक एसटी गेली. ईशानने गुडघ्याकडे पाहिलं, कातळाकडे पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं.

"आणि," तो फार हळू म्हणाला, "मी डोळे मिटून पळत होतो."