भात अलीकडे, वरण पलीकडे

“मग दोष कुणाचा, महाराज?”

इरा कोवे ओट्यावर टेकायलाही तयार नव्हती. परदेशात पूल बांधायचं शिकून ती आपल्याच जिल्ह्यात इंजिनिअर म्हणून परतली होती. आता बदली मागणार होती. चिंधूमहाराजांच्या कुटीत ती निरोपापुरती आली होती.

समोर कोसरी नदीवर तिचा पूल उभा होता. नवाकोरा. पण पलीकडचं टोक अधांतरी. त्याला बांबूची शिडी लावून येरमटोल्याची माणसं चढ-उतार करत. पाऊस तोंडावर आलेला. दुखणाईताला शिडीवरून कसं चढवायचं?

“माझा पूल पूर्ण आहे,” ती म्हणाली. “जोडरस्ता वनखात्यानं अडवलाय.”

“ते काय म्हणतात?”

“दोन्ही खात्यांनी मिळून पाहणी करायची. तारीख आम्ही कळवायची म्हणे. आम्ही म्हणतो, त्यांनी कळवावी.”

“हं...”

त्या दिवशी कुटीत भंडारा होता. महाराजांनी तिला पंगतीत बसवलं, पत्रावळीवर भात वाढला आणि शांत उभे राहिले.

“महाराज... वरण?”

“भात चांगला शिजलाय की.”

“पण कोरडा कसा खाऊ?”

“भात पूर्ण आहे, पोरी.”

पंगतीत खसखस पिकली. इराचे कान तापले.

“वरण आहे तरी कुठं?”

महाराजांनी नदीपलीकडे बोट दाखवलं.

ती रागानंच उठली. पत्रावळ सांभाळत पूल ओलांडला, एका हातानं शिडी धरत खाली उतरली. मोहाच्या झाडाखाली खाकी कपड्यातला एक माणूस वरणाची बादली घेऊन बसला होता.

“तुम्हीच कोवे मॅडम?”

“म्हणजे तुम्ही वनखात्याचे गेडामसाहेब?”

दोघांनी एकमेकांना ढीगभर पत्रं लिहिली होती. तोंड आज पाहत होते.

“बाबांनी जेवायला बोलावलं अन् नुसतं वरण धाडलं हो!” गेडाम कळवळून म्हणाले. “केव्हाचा वाट पाहून राहिलो.”

इराला हसू फुटलं. भात निम्मा निम्मा झाला.

हात धुता धुता गेडाम म्हणाले, “आलाच आहात, तर जोडरस्त्यात येणारी झाडं पाहून घेऊ?”

“आत्ता?”

“मग काय, तारीख कळवू?”

...

नदी दुथडी भरली, तेव्हा रुग्णवाहिका येरमटोल्यातून एका अडलेल्या बाईला घेऊन नव्या जोडरस्त्यानं पुलावरून सुखरूप गेली. बाळ-बाळंतीण बरी असल्याचा निरोप आला. कितीतरी दिवसांनी इराची छाती हलकी झाली. ती तशीच कुटीकडे धावली.

“झाला, महाराज! आता खरा पूर्ण झाला!”

महाराज हसले. इरा ओट्यावर ऐसपैस बसली.

“फक्त येरमटोल्याच्या दवाखान्याला अजून वीज नाही. बांधकामवाले म्हणतात, इमारत पूर्ण आहे. वीजवाले म्हणतात...”

ती मध्येच थांबली.

महाराजांनी पायाशी बसलेल्या मांजराला हलकेच बाजूला सारलं, कोपऱ्यातला माठ पुढे ओढला.

“सांग पोरी, ताक कुठल्या काठावर ठेवू?”