सगुणाबाईचा बंब

कुणाचा म्हणून विश्वास बसत नव्हता! दौलतराव पाटलांच्या पडवीच्या कौलांतून रोज पहाटे बंबाचा धूर निघतो, हे सगुणाबाईनं स्वतः पाहिलं होतं. पण उजाडताच चावडीवर सांगितलं, तर गाव तिलाच हसलं. माघ लागताच पाटलांनीच फर्मान काढलं होतं ना! "गार पाण्यानं रक्त सळसळतं, पडसं फिरकत नाही. साऱ्यांनी नदीवर अंघोळ करायची!" घरोघरचे तांब्याचे बंब उचलून त्यांनी पडवीत कोंडले होते आणि किल्ली कमरेला लावली होती.

"तरण्या गड्यांनी खुशाल डुंबावं," सगुणाबाई कडाडली. "माझी सून बाळंतीण आहे. तिला कढत पाणी हवं. माझा बंब द्या!"

"आधी माझ्यावरचा आळ खरा कर," पाटील गरजले. "नाहीतर साऱ्या गावापुढं नाक घास."

"चला पडवीत. बंबाला कवटाळून शपथ घेते, मग तर झालं?"

सारं गाव मागोमाग आलं. पाटलांनी ऐटीत कुलूप काढलं. बंब ओळीनं उभे होते. सगुणाबाईनं पदर खोचला आणि हात पसरून ती थेट कोपऱ्यातल्या बंबाकडं धावली.

"अगं ए, थांब! भाजशील!" पाटील ओरडले.

सगुणाबाई थांबली आणि गर्रकन वळली.

"का हो पाटील, तुमच्याकडं गार पाण्यानं भाजतं होय?"

"हे... हे गड्याचं काम असेल."

"आणि किल्ली गड्याच्या कमरेला आहे?"

पाटलांना थंडीतही घाम फुटला. सगुणाबाईनं आपला बंब काखोटीला मारला आणि गावाला विचारलं, "आता सांगा, नाक कुणी घासायचं?"

सारं गाव एका सुरात ओरडलं, "दौलतराव पाटलांनी!"