भिंतीवरचं बटण

गावात संगणक नवेनवे आले होते, तेव्हाची गोष्ट. ग्रंथालयातल्या कुमुदिनीबाईंनी दसऱ्याला संगणकाची पूजा केली, माउसलाही झेंडूचं फूल वाहिलं. भिंतीवरचं बटण तेवढं राहिलं. ते मनातल्या मनात जळफळलं. दुसऱ्या दिवशी बाई संगणकावर लिहीत बसल्या, तेव्हा ते माउसवर खेकसलं,

"वीज माझ्या हातात आणि मान या टिचभर माउसला?"

माउस म्हणाला, "दादा, मी आधी संगणकाला विचारतो, काम आवरलं का? त्यानं आवरलं, की मग तुमची पाळी."

"मला नाही कुणाला विचारावं लागत!" असं म्हणून बटण खटकन बंद झालं. पडदा काळा पडला. बाईंचं सकाळपासूनचं लिखाण गेलं.

बाई उठून बटणापाशी आल्या. आता आपल्यालाही फूल मिळणार, म्हणून बटण हरखलं.

बाईंनी ते चालू केलं आणि वरून जाड चिकटपट्टी लावली.