शेकरूच्या उडत्या डोल्या

त्या राज्यात उडणारे कोणी उरले नव्हते. पक्षी केव्हाच निघून गेले होते आणि सरहद्दीवरचा सुळका वानरांच्या पहाऱ्यावर सोडलेला होता. पलीकडून बिबटे चढून येत. जखमी वानरांना अरुंद पायवाटेने खाली आणेपर्यंत बरेचसे वाटेतच प्राण सोडत.

म्हणून गवा महाराजांनी उडत्या डोल्या करायला सांगितल्या आणि कारभार शेकरूकडे दिला. त्याची मुलगी तांबुली सुळक्यावर जखमींची देखभाल करत असे. शेकरूने कामात जीव ओतला. साळिंदराने शिसवी पाती कोरली आणि डोलीच्या माथ्यावरच्या दांड्यात बसवली. आतल्या वानरांनी दांडा फिरवला तशी पाती गरगरली, आणि पहिली डोली खरोखरच सुळक्यावर जाऊन एका जखमीला घेऊन आली. तेवढ्यावर सगळे थांबले असते तर किती बरे झाले असते!

पण सेनापती रानडुकराला डोलीला सुळे हवे झाले. प्रधान तरसाला जाड कातड्याचे अस्तर हवे झाले. महाराजांना आत ऐसपैस बैठक हवी होती. महाराज कुठे जाणार होते हे मात्र कोणी विचारले नाही. दर वेळी डोली जड होई, साळिंदराची अर्धी कोरलेली पाती तोकडी पडत आणि तो बापडा पुन्हा नवे लाकूड वाळत घाली. वेताचे सांगाडे तेवढे भराभर उभे राहत होते.

दर सणाला महाराज नवी डोली उडताना पाहायला येत. पाती तर तयार नव्हती. तेव्हा शेकरूला आपल्या जातीची रीत आठवली. शेकरे घरटी पुष्कळ बांधतात आणि राहतात एकातच. रिकाम्या घरट्यांकडे पाहून शिकारी चकतो. शेकरूने पहिल्या डोलीची पाती काढली आणि नव्या डोलीवर चढवली. डोली माळावर जरा उचलली गेली. महाराज खूश झाले. पुढच्या सणाला तीच पाती आणखी पुढच्या डोलीवर गेली. जुन्या डोल्यांच्या माथ्यावर रंगवलेल्या झावळ्या बांधल्या, की लांबून कुणाला कळू नये.

"कारभारी, काढून-घालून पात्यांची खाच ढिली झालीय," साळिंदर कुरकुरला.

"पाचर मार," शेकरू म्हणाला. "एवढा सण निभावू दे."

तांबुली एकदा औषधी पाला न्यायला खाली आली. माळावरची लांबच लांब रांग पाहून तिचे डोळे भरून आले.

"बाबा, एवढ्या सगळ्या आमच्यासाठी? सगळ्या उडतात ना?"

सेनापती शेजारीच उभा होता. शेकरूने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "रांग बघितलीस ना तू? मग झालं तर."

तिने वर जाऊन ते सगळ्यांना सांगितले. पुढे बिबट्यांनी सुळक्याला वेढा घातला, तेव्हा पायवाटेने ते राज्यात उतरतील अशी भीती उभी राहिली. वानरांनी बेधडक दरड लोटून पायवाट कायमची बुजवली. डोल्या असताना पायवाट हवीच कशाला?

सुळक्यावर धुराची खूण दिसली आणि शेकरू माळाकडे धावला. त्याने बैठक उपटून फेकली, सुळे तोडले, अस्तर फाडले. साळिंदराने मिळतील तेवढ्या पाचरी ठोकल्या. शेकरू स्वतः आत बसला आणि वानरांना ओरडून सांगू लागला, "फिरवा! आणखी जोरात फिरवा!" पाती गरगरली, वाऱ्याने रांगेतल्या साऱ्या झावळ्या उडाल्या, डोली थरथरली. मग खाच फुटली. पाती सुटून एकटीच वर गेली, आणि डोली आपल्या कारभाऱ्यासकट जमिनीवरच राहिली.

वर सुळक्यावर तांबुलीला खालून वर येणारी, गरगरणारी पाती दिसली. एका जखमीला काखेत धरून ती कड्याकडे ओढू लागली.

"सरका रे, सगळे कडेला सरका," ती ओरडली. "मधली जागा मोकळी करा. मागून सगळी रांग येतेय."